झुरळांच्या औषधाआधीचे तेवीस प्रश्न

मुलाखतीत त्यांनी मला टायपिंग येतं का, हे विचारलंच नाही. घरी माणसं किती, पाणी किती वाजता येतं, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला, दुपारी कोण झोपतं, कशाच्या वासानं कोणाला शिंका येतात, असं विचारत गेले आणि मी, बी.कॉम. सेकंड क्लास, सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांची सगळी कुंडली त्यांच्यापुढे मांडून मोकळी झाले. शेवटी ते म्हणाले, "झुरळं मोरीच्या फरशीखाली असतील. सोमवारपासून या." मला नोकरी मिळाली की आमच्या मोरीला औषध मारून मिळणार आहे, हे बसस्टॉपवर येईपर्यंत मला कळलं नव्हतं. पुढं दोन्ही झालं.

त्यांचा धंदा पेस्ट कंट्रोलचा. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या स्कीम धडाधड उभ्या राहत होत्या, आणि माणसं राहायला यायच्या आत तिथं वाळवी राहायला येत होती. कामाला तोटा नव्हता. ऑफिस शालिमारजवळ, एका टेलरच्या दुकानाच्या वर. फोनवर मी, फवारणीला दोन माणसं आणि ते स्वतः. फवारणीवाले त्यांना शेठ म्हणत. मला ते शेठ काही वाटेनात, म्हणून मी काका म्हणायला लागले. सडपातळ, बिस्किटी रंगाचा सफारी, वरच्या खिशात दोन पेनं. चहा ते फक्त स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून पीत आणि तो पेला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, कारण आमचे सगळ्यांचे हात विषाचे.

सगळी भानगड होती ती गुलाबी कार्डाची. गिऱ्हाइकाचा फोन आला की औषध मारायच्या आधी काका स्वतः घरी जात, स्वयंपाकघरात फरशीवरच मांडी घालून बसत आणि कार्ड भरत. कार्डावर तेवीस प्रश्न होते. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, मजला, घरात कोण कोण, वयं, कुलूप केव्हा आणि कोण केव्हा घरी येतं. मागच्या बाजूला त्यांच्या भाषेत 'घराचा स्वभाव'. दमा कोणाला, तान्हं बाळ रांगतं का, माशांची टाकी, पोपट, देवघरात दिवा किती वेळ, ओट्याखालची जड भांडी कोण उतरवेल, कुलूप असल्यास कुणाला कळवायचं. लोक एक फोन करून झुरळं मारायला बोलवत आणि तासाभरानं आपल्या धाकट्या जावेशी आपलं का पटत नाही ते सांगत बसलेले असत.

मी एकदा विचारलं होतं, "काका, एवढं कशाला विचारायचं?"

"कारण आपण विष घेऊन घरात शिरतो," ते म्हणाले. "घर माहीत नसताना शिरतो तो चोर." आणि थोड्या वेळानं, "झुरळाला विचारता आलं असतं तर माणसाला त्रास दिला नसता."

पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये उंदरांचं काम होतं. तिथंही कार्ड निघालं. मुकादम बराच वेळ उत्तरं देत राहिला आणि मग म्हणाला, "शेठ, उंदीर मारायचेत का लगीन जमवायचंय?" आमचा एक फवारणीवाला चांदवडकडचा, तो ही गोष्ट सांगून सांगून हसायचा. मलाही वर सांगायचा, "ताई, शेठ लय इचारतात. पण माणूस वाईट नाय."

कॉलेज रोडच्या एका निवृत्त साहेबांनी कार्ड स्वतःच मागून घेतलं आणि तेवीसच्या तेवीस प्रश्नांपुढं 'संबंध नाही' असं लिहून परत दिलं. काकांनी काम नाकारलं. साहेबांनी फोनवर मला खूप सुनावलं, ते सगळं मी ऐकून घेतलं, आणि मनातून मला साहेबांचंच पटत होतं. चार दिवसांनी काका स्वतः त्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. कशासाठी, तर घरात मासे आहेत का, एवढंच विचारायला. होते. काकांनी टाकीवर झाकायला ओलं फडकं दिलं आणि औषध मारलं. बाकीचे बावीस रकाने तसेच 'संबंध नाही' राहिले. म्हणजे एका प्रश्नावर काम भागत होतं, हे त्यांनाही माहीत होतं. मग बाकीच्यांना ते बावीस का विचारत, हे मला समजेना.

आणि समजेना म्हणावं तर सातपूरची ती सून. सासूबाईंनी सगळ्या प्रश्नांना टकाटक होकार-नकार दिले. "घरात कोणी गरोदर?" याला ठाम नाही. काका जिना उतरत होते तेवढ्यात सून कचऱ्याची बादली घेऊन मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "तिथं हो लिहा." घरात अजून कोणालाच सांगितलं नव्हतं म्हणे, नवऱ्यालासुद्धा नाही. काकांनी हो लिहिलं, आणि मला त्या घरी फोन करायला लावला की औषधाचा साठा संपलाय, चार-सहा महिने तरी लागतील. सासूबाई आमच्या फर्मला काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणजे त्या घरातली ती बातमी आधी आमच्या ऑफिसात आली आणि मग त्यांच्या घरात पोचली. हे चांगलं झालं की वाईट, याचा विचार करत मी तेव्हा अख्खी दुपार घालवली होती. अजूनही मला ठरवता आलेलं नाही.

स्वतःबद्दल मात्र हा माणूस अक्षर बोलत नसे. राहतात कुठे, घरी कोण, लग्न झालंय की नाही, जेवणाचा डबा कोण देतं, काही पत्ता नाही. एक फवारणीवाला म्हणायचा मेरी कॉलनीच्या बाजूला राहतात, दुसरा म्हणायचा म्हसरूळला. विचारलं की, "ते कशाला?" एवढंच. पुढं मोबाइल आले तेव्हा आम्ही आग्रह करून त्यांना सिमकार्ड घ्यायला पाठवलं. अर्ध्या तासात हात हलवत परत आले, चांगलेच तापलेले. "फोन विकणाऱ्याला माझ्या घराचं लाइट बिल कशाला हवंय? फोटो कशाला हवाय? फोनवर मी दिसणार आहे का?" मी खणातल्या गुलाबी कार्डांकडे नुसतं बघितलं. "ते वेगळं," ते म्हणाले. कसं वेगळं, ते सांगितलं नाही. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

आता तो दिवस सांगते. हा प्रसंग सिमकार्डाच्या बराच आधीचा. सांगायला बरं वाटत नाही, कारण चूक माझी होती. पण पद्धत त्यांची होती.

पद्धत अशी की जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की मी खणातून कार्ड काढायचं आणि पुढची बाजू वाचून दाखवायची. काका त्याला पडताळा म्हणत. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपल्याला ओळखणारं कोणीतरी आहे, आणि काही बदललं असेल तर तेही समजतं. लोकांना हे फार आवडायचं. "अगं बाई, आमच्या बाबांचं वयसुद्धा लिहून ठेवलंय का," असं म्हणून बायका खूश व्हायच्या. मीही चांगली रंगवून वाचायला शिकले होते.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला फोन आला. आवाज पुरुषाचा, अगदी सभ्य. झुरळांचं औषध पुन्हा मारायचंय म्हणाला, आडनाव सांगितलं. मी कार्ड काढलं आणि सुरू झाले. इंदिरानगर, सोसायटीचं नाव, बी विंग, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. घरात दोघी, आई आणि मुलगी. आई ऑफिसातून सहाला येते. मुलगी साडेबाराला शाळेतून, तोवर कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. बरोबर ना? घरात दोघी, असं मी एका पुरुषाला वाचून दाखवत होते आणि माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "मुलगी साडेबाराला ना?"

"हो."

"थँक यू," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. औषधाचा दिवस त्यानं ठरवलाच नव्हता. मी रिसीव्हर ठेवला आणि कार्ड उलटलं. मागं काकांच्या बारीक अक्षरात, 'जड भांडी कोण उतरवेल' या प्रश्नासमोर लिहिलं होतं: 'स्वतः उतरवू शकत नाहीत. उजवा कोपर यजमानांनी मोडला, सरळ होत नाही. यजमान वेगळे असतात. त्यांना पत्ता माहीत नाही, कळू नये. ओटा आपण रिकामा करावा.'

मी कार्ड काकांच्या टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मागच्या बाजूला बाईंच्या ऑफिसचा फोन होता, मुलीच्या शाळेचं नाव होतं. आधी बाईंना फोन लावला, चार वाक्यांत सांगितलं. त्यांचं ऑफिस अंबडला, निघून पोचायला वेळ लागणार. मग काका मला म्हणाले, "चला. नुसता मी गेलो तर कोण विश्वास ठेवेल." आणि मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. रस्ताभर मी मनात साडेबाराला किती मिनिटं उरली ते मोजत होते.

शाळेच्या ऑफिसात एक पोक्त क्लार्क बाई होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

"झुरळांचं औषध मारतो," काका म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी फोन घेते." हे ऐकून तर त्यांनी शिपायाला दाराशी उभं केलं आणि कागद पुढे ओढला. नाव? पूर्ण सांगा. राहता कुठे? घर नंबर? जन्मतारीख? घरी कोण असतं? आणि काय आश्चर्य, काका एकेका प्रश्नाला शहाण्या विद्यार्थ्यासारखं उत्तर देत गेले. मेरीही नाही आणि म्हसरूळही नाही, ते जेलरोडला राहत होते. घरी एकटेच. बायको वारली त्याला किती वर्षं झाली तेही त्यांनी सांगितलं. मूल नाही. तीन वर्षं ज्या माणसाच्या समोर बसत होते त्याची माहिती मला एका परक्या शाळेच्या ऑफिसात उभ्या उभ्या मिळाली, आणि मला कुठे बघावं ते कळेना. क्लार्क बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तरी मुलगी देता येणार नाही."

"देऊच नका," काका म्हणाले. "आई येईपर्यंत कोणालाच देऊ नका. रिक्षातही बसवू नका. एवढंच सांगायला आलोय."

मुलगी क्लार्क बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून डबा खात राहिली. एकच्या पुढे आई आली, रिक्षातून उतरून धावतच, उजवा हात पोटाशी धरलेला. तिनं मुलीला जवळ घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं हो. इतक्या वर्षांत हात कसा मोडला हे मला कोणी विचारलंच नव्हतं." हा आरोप होता की आणखी काही, मला तेव्हा कळलं नाही.

शेजारच्या काकूंनी मागून सांगितलं, एक माणूस जिन्यात दोन वाजेपर्यंत बसून होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यानं काही केलं नाही. पिशवीत काय होतं, ते कोणाला माहीत नाही. खेळणं असेल, खाऊ असेल, काहीही असेल. मी त्या पिशवीचा फार दिवस विचार करत होते.

आमचा नंबर त्याला मिळाला कसा, तेही कळलं नाही. काकांचं म्हणणं असं की त्यानं सगळ्यांनाच फोन केले असणार. गॅसवाला, केबलवाला, पेपरवाला. "त्यांनी काही लिहूनच ठेवलेलं नाही, म्हणून त्यांना सांगताही आलं नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पडताळा बंद झाला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कार्डाची मागची बाजू कोरी छापून आणली. आणि महिनाही झाला नाही तोच त्या कोऱ्या बाजूवर पुन्हा त्यांचं बारीक अक्षर दिसायला लागलं. मी विचारलं तर म्हणाले, "त्या दिवशी शाळेचं नाव लिहिलेलं नसतं तर?" कार्ड नसतं तर शाळेत धावायची वेळच आली नसती, असं मी म्हटलं. आम्ही दोघं आपापल्या कामाला लागलो.

आठ दिवसांनी ती बाई ऑफिसात आली. घर सोडलं होतं, दुसरीकडे सोय झाली होती. काकांनी खणातून तिचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "नव्या घरीही तुम्हीच या औषधाला. लिहून घ्या, आम्ही आता–"

"सांगू नका," काका एकदम म्हणाले.

"तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?"

"मला भाग नको, गल्ली नको, काही नको. औषधाला दुसरं कोणी बघा."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हीसुद्धा," एवढंच म्हणून ती गेली. मला काकांचा मनस्वी राग आला. जगाच्या चौकशा करणारा माणूस, आणि जिला खरी गरज आहे तिच्यापासून अंग काढून घेतो. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतर महिन्याभरानं तो आला. फोनवरचा आणि जिन्यात बसलेला तोच, हे मला इस्त्रीच्या शर्टावरून आणि त्या सभ्य आवाजावरून कळलं. माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, मला फक्त पत्ता हवाय. मुलीला एकदा बघायचंय."

"बसा," काका म्हणाले आणि त्यांनी कोरं गुलाबी कार्ड पुढे घेतलं. "तो पत्ता माझ्याकडे नाही. तुमचा सांगा."

"मला औषध नकोय."

"झुरळं असतील ना घरात."

मला वाटलं, हा आता टेबल उलथवणार. मी टेलरला हाक मारायच्या तयारीत होते. पण त्यानं पत्ता सांगितला. का, ते माहीत नाही. काकांच्या समोर बसलं की सगळेच सांगत.

"घरात माणसं?"

"एक."

"स्वयंपाक?"

"करत नाही. खानावळीचा डबा."

"दुपारी घरी कोण?"

"कुलूप."

"लहान मुलं? इयत्ता?"

"एक मुलगी. दुसरीत." मग तो थांबला. "नाही, आता तिसरीत गेली असेल."

"घरात राहते?"

"नाही."

"मग नाही लिहितो," काका म्हणाले, आणि लिहिलं. आवाज नेहमीचाच होता, ना कडक ना मऊ. "ओट्याखालची जड भांडी कोण उतरवेल?"

"मीच उतरवीन," तो म्हणाला. "माझ्या हाताला काय झालंय?"

काकांचं पेन जरा वेळ कार्डावर तसंच टेकलेलं राहिलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी तेही लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. असे तेवीसही झाले. शेवटच्या काही प्रश्नांना त्या माणसाचा आवाज इतका खाली गेला होता की काकांना पुढे वाकावं लागत होतं. कुलूप असल्यास कुणाला कळवायचं, याला त्यानं बराच विचार करून "कोणी नाही" म्हटलं. मग पाणी मागितलं. पाणी मी दिलं. तो ते उभ्यानंच प्यायला आणि पत्त्याचं पुन्हा काही न बोलता जिना उतरून गेला.

रस्ता ओलांडून तो रिक्षा स्टँडकडे जाईपर्यंत मी खिडकीशी उभी होते. त्याला परत जायचं होतं ते कुलूप लावलेल्या रिकाम्या घरात, आणि ते रिकामं झालं होतं त्याच्याच करणीनं, हे मला कळत होतं.

"दया आली ना?" काकांनी मागून विचारलं.

मी हो म्हटलं. त्या बाईचा कोपर मी पाहिला होता, तरी हो म्हटलं.

"मलाही आली," ते म्हणाले. "माझ्याकडे पत्ता असता तर आज मी देऊन टाकला असता. मला ते माहीत होतं, म्हणून तिच्याकडून ऐकून घेतला नाही."